दिवंगत माजी विद्यार्थ्याच्या सेवेचा सन्मान : पुतळा, सभागृहाचे नाव की त्यांचे चालू राहणारे काम?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आपल्या महाविद्यालयाच्या अगदी सुरुवातीच्या तुकडीतील एक विद्यार्थी, ज्यांना सारा तालुका नुसता ‘भाऊ’ म्हणून ओळखत असे, ते अलीकडेच वारले. शेती आणि बसस्थानकासमोरचे स्टेशनरीचे लहानसे दुकान सांभाळून त्यांनी जन्मभर महाविद्यालयाची कामे केली, आणि अखेरपर्यंत ते माजी विद्यार्थी संघाचे सचिव होते. त्यांच्या स्मरणार्थ संघाच्या सभेत सुमारे सहा लाख रुपयांच्या देणग्या जाहीर झाल्या आहेत. प्रवेशद्वाराजवळ अर्धपुतळा उभारावा असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे; महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे पदाधिकारी सभागृहाला त्यांचे नाव देण्यास तयार आहेत; पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या तरुण सभासदांना गुणवंतांसाठी सुवर्णपदक हवे आहे. यांपैकी उचित काय, पैसा कुठे आणि कसा ठेवावा, आणि भाऊंच्या मुलाला सचिवपद द्यावे काय, हे आपण विचारले आहे.

अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात माझी सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर विदर्भातील माजी विद्यार्थी संघांची नोंदणी, हिशेब आणि निधी यांचेच काम मी करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपण मांडलेले तिन्ही पर्याय दुसऱ्या टप्प्यातले आहेत. भाऊ नेमके काय काम करीत होते आणि ते आज कोण करीत आहे, हा पहिला प्रश्न आहे आणि आपल्या पत्रात त्याचे उत्तर नाही. ‘त्यांनी महाविद्यालयासाठी खूप केले’ एवढेच त्यात आहे. हे ‘खूप’ म्हणजे काय ते कागदावर उतरल्याशिवाय सन्मान कशाचा करायचा, हे ठरणार नाही.

त्याहीआधी एक कोरडे वाटणारे पण तातडीचे काम आहे. भाऊ संघाचे सचिव होते आणि आपला संघ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे, असे आपण लिहिले आहे. विश्वस्त किंवा पदाधिकाऱ्याचे निधन हा त्या कायद्याच्या कलम २२ खाली कळवावयाचा बदल असून, त्याचा अहवाल, ज्याला आपण सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतो, तो ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. तो राहून गेला की बँक नव्या सहीला मान्यता देत नाही, जुन्या सह्यांपैकी एक सही कायमची गेलेली असते आणि खाते चालवता येत नाही. श्रद्धांजलीची सभा मोठी झाली, स्मारक समिती नेमली गेली, देणग्यांचे धनादेशही आले, आणि ते भरायला चालू स्थितीतले खातेच नाही, असे प्रसंग मी एकाहून अधिक संघांत पाहिले आहेत. तेव्हा मृत्यूचा दाखला, शोकसभेचा ठराव आणि रिक्त पदावरील नेमणुकीचा ठराव असे कागद आधी तयार करा. ९० दिवस उलटून गेले असतील तर विलंब माफीच्या अर्जासह अहवाल दाखल करता येतो. मात्र उशिराचे कारण खरे आणि नेमके लिहा.

संघाचे कागद बहुधा भाऊंच्या घरी असतील. पावतीपुस्तके, इतिवृत्ताची वही, पॅन कार्ड, धनादेश पुस्तिका, सभासदांची यादी हे सगळे छोट्या गावातील सचिवाच्या घरच्या कपाटात असते, आणि त्यात गैर काही नसते, कारण संघाला स्वतःचे कार्यालय कधी मिळालेलेच नसते. तेरवी होईपर्यंत त्या घरी कागदांचा विषय काढू नये. त्यानंतर दोन वडीलधाऱ्यांनी जावे, वहिनींसमोर प्रत्येक वस्तूची यादी करावी, दोन प्रतींवर सह्या घ्याव्यात आणि एक प्रत घरी ठेवावी. संघाने आपल्यावर अविश्वास दाखवला असे कुटुंबाला वाटू नये, हा यातला हेतू आहे. भाऊंनी स्वतःच्या खिशातून घातलेल्या पैशांच्या चिठ्ठ्याही त्याच कपाटात निघतात. त्या वेगळ्या बांधून ठेवा. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

आता मुख्य कामाकडे येतो. भाऊंनी काय केले हे शोधण्यासाठी लोकांना ‘आठवणी लिहून पाठवा’ असे आवाहन केले तर ‘देवमाणूस होते’, ‘त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली’ अशा मजकुराची थप्पी जमा होईल. भावना खऱ्या असतात, पण हाती काही लागत नाही. त्याऐवजी ठरावीक प्रश्न विचारावेत : तुमचे कोणते काम अडले होते, कोणत्या साली, भाऊ तुम्हाला कोणत्या कार्यालयात घेऊन गेले, तिथे त्यांनी काय मागितले, आणि काम कशाने सुटले? हे प्रश्न प्राध्यापकांपेक्षा आधी महाविद्यालयाच्या निवृत्त लिपिकाला, शिपायाला, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीला, बसस्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाला आणि तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनविसाला विचारा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण परवानगी घेऊनच. त्यासोबत महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक आणि संघाच्या पावत्यांच्या स्थळप्रती ताडून पाहा. कोणत्या साली कोणत्या कारणासाठी वर्गणी गोळा झाली हे स्थळप्रतीवर असते, आणि माणसांच्या आठवणीतील सालांची चूक तिथे दुरुस्त होते.

माझा अंदाज असा की या चौकशीतून आपल्याला बरेचसे एकाच जातीचे काम सापडेल, ते म्हणजे कागदाचे. ग्रामीण विदर्भात महाविद्यालयाशी जन्मभर नाते ठेवणाऱ्या माणसाची खरी कामगिरी बहुधा तिथेच असते. बाहेरच्या वाचकांना याचे महत्त्व चटकन कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्या मुलाला पुढे जात पडताळणी करावी लागते. त्यासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीय अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेपूर्वीचा, जात आणि वास्तव्य दाखवणारा पुरावा मुख्यतः द्यावा लागतो. ज्या घरात आजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्या घरातल्या मुलाने हा पुरावा आणायचा कुठून? अशा वेळी माहितगार माणूस विचारतो की आजोबांचा भाऊ किंवा चुलत आजोबा तरी कुठल्या शाळेत होता काय; मग त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागतो. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल काढायला सांगतो, कारण आपल्याकडे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात आहेत आणि त्यांत जातीचा रकाना आहे. काही नोंदी मोडी लिपीत असतात. त्या वाचणारा कोण आहे हेही त्यालाच ठाऊक असते. आजोबांचे नाव एका कागदावर ‘गणपत’ आणि दुसऱ्यावर ‘गणपती’ असले तर कोणते प्रतिज्ञापत्र लागेल, हे तो अर्ज भरतानाच सांगतो आणि मुलाची एक फेरी वाचवतो. ‘भाऊ हायेत ना, मंग कायची काळजी’ असे आपल्या गावातले पालक म्हणत असतील, तर त्या एका वाक्यामागे हे सगळे ज्ञान उभे होते.

आणि ते ज्ञान भाऊंबरोबर गेले. यंदाच्या जून-जुलैत जी मुले प्रवेशाला येतील, त्यांच्यासाठी दुकानाच्या बाकावर बसून कागद तपासणारे कोणी नसेल. पुतळा, नाव, पदक यांपैकी काहीही केले तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून माझा सल्ला असा की सन्मानाचा गाभा भाऊंच्या नावाचे विद्यार्थी साहाय्य केंद्र असावे, आणि ते महाविद्यालयाच्या आवारात, कार्यालयाच्या खिडकीजवळ असावे. ‘केंद्र’ हा शब्द मोठा वाटला तरी त्यासाठी एक टेबल, दोन खुर्च्या, संगणक, स्कॅनर आणि नीट लिहिलेली एक वही पुरते. प्रवेशाच्या हंगामात रोज, आणि पुढे शिष्यवृत्तीचे अर्ज चालू असेपर्यंत आठवड्यातून दोन दिवस ते उघडे राहावे. शिष्यवृत्तीसाठीच्या ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावरचा अर्ज भरणे, बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हे पाहणे, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांची मुदत तपासणे, पडताळणीच्या अर्जाला लागणारे पुरावे सुचवणे, एवढे त्याचे काम. सेतू केंद्रात पैसे भरून अर्ज भरला जातो हे खरे, पण कोणता पुरावा कुठे सापडेल हे तिथे कोणी सांगत नाही.

या केंद्रात बसायचे कोणी, हा प्रश्न पैशांपेक्षा अवघड आहे. स्वयंसेवक म्हणून पहिल्या वर्षी पंधरा नावे येतात आणि तिसऱ्या वर्षी दोघे उरतात. त्यामुळे नुसत्या स्वयंसेवेवर विसंबू नये. गावातच राहणारा निवृत्त लिपिक किंवा शिक्षक यांना वर्षातील ठरावीक महिन्यांसाठी मानधन द्यावे, आणि त्यांच्या हाताखाली राष्ट्रीय सेवा योजनेतील दोन-तीन विद्यार्थी शिकाऊ म्हणून बसवावेत. भाऊंनी कोणते काम कसे सोडवले त्याच्या ज्या नोंदी आपण वरच्या चौकशीत गोळा कराल, त्यांतूनच एक साधी मार्गदर्शक पुस्तिका तयार होईल : आपल्या तालुक्यातील कोणत्या शाळेची जुनी रजिस्टरे कुठे ठेवली आहेत, कोणत्या गावाचे दप्तर पूर्वी दुसऱ्या तहसिलीत होते, कोणता अर्ज कोणत्या टेबलावर जातो. गुळगुळीत कागदाच्या, जाहिरातींनी भरलेल्या स्मरणिकेपेक्षा ही पन्नास पानांची पुस्तिका मला अधिक मोलाची वाटते. स्मरणिका काढायचीच असेल तर जरूर काढा, परंतु तिच्यातील लेखांची छाननी कोण करील आणि नेत्यांचे शुभेच्छा संदेश किती पाने खातील, हे आधी ठरवा.

एका गोष्टीबाबत मी आग्रही आहे. भाऊंनी कोणाची फी भरली, कोणाला वसतिगृहात जेवणाचे पैसे दिले, ही नावे छापू नका आणि व्यासपीठावरून घेऊ नका. चिठ्ठ्यांत ती सापडतील. त्यांतील काही जण आज तहसीलदार किंवा मुख्याध्यापक असतील आणि स्वतःहून सांगतील. त्यांना सांगू द्या. पण जी बाई आज त्याच गावात संसार करते आहे, तिला वीस वर्षांपूर्वी परीक्षा शुल्कासाठी मदत घ्यावी लागली होती, हे तिच्या सासरच्यांना सभागृहातून कळण्याची गरज नाही. ज्या माणसाने मदत गुपचूप केली, त्याच्या पश्चात ती जाहीर करणे हा त्याचा सन्मान होत नाही.

आता पुतळ्याविषयी. त्याला माझा विरोध भावनिक नाही, व्यावहारिक आहे. पुतळा उभारण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, आणि देखभालीची जबाबदारी कोणाची हे लेखी द्यावे लागते. सार्वजनिक रस्त्यांवर आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे उभारण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली आहे, त्यामुळे प्रवेशद्वारासमोरची जागा रस्त्याच्या हद्दीत येते काय हेही पाहावे लागेल. हे सगळे झाले तरी सहा लाखांतील बहुतेक रक्कम चबुतऱ्यासह त्यातच संपेल. ज्येष्ठांचे मन राखायचे असेल तर केंद्राच्या भिंतीवर भाऊंचे चांगले तैलचित्र लावा. त्यासाठी छायाचित्र निवडताना पासपोर्ट फोटो मोठा करून घेऊ नका. दुकानात, कानाला पेन खोचून बसलेले एखादे छायाचित्र कोणाच्या तरी मोबाइलमध्ये नक्की असेल.

सभागृहाला नाव देण्यास हरकत नाही, पण त्यावर सन्मानाची सारी भिस्त ठेवू नये. विदर्भातील शिक्षणसंस्थांचा इतिहास पाहिला तर इमारतींवरची नावे काळानुसार बदलतात. नागपूरचे १८८५ चे मॉरिस कॉलेज पुढे नागपूर महाविद्यालय झाले आणि आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते; अमरावतीचे १९२३ चे किंग एडवर्ड कॉलेज विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज ते शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. त्या बदलांची कारणे योग्यच होती. उलट कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली मोठी मालमत्ता नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी दिली. १९३० मध्ये ते वारले, त्या पैशातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, आणि ती संस्था आता स्वतंत्र विद्यापीठ झाली तरी ‘एलआयटी’ हे नाव टिकून आहे. तिथे नाव एका ठरलेल्या उद्देशाला आणि त्या उद्देशासाठी बांधलेल्या पैशाला जोडलेले होते. आपली रक्कम त्या मानाने किरकोळ आहे. पण पैसा कशासाठी वापरायचा हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे, एवढा धडा त्यातून घेता येतो.

सुवर्णपदकाबाबत थोडक्यात लिहितो. गुणवत्ता यादीतील पहिल्या मुलाला किंवा मुलीला बहुधा तीन-चार बक्षिसे मिळतातच, आणि भाऊंचे आयुष्य पहिल्या क्रमांकाच्या मुलांसाठी गेले नाही. काही द्यायचेच असेल तर पदवीच्या मुलींच्या एसटी पासाला द्या. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत पास मोफत मिळतो. तीच मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला आली की सवलतीच्या पासाचे का होईना, पण पैसे भरावे लागतात, आणि ‘आता घरी बस’ हे वाक्य अनेक घरांत नेमके त्याच जून महिन्यात उच्चारले जाते. पेरणीचा खर्च डोक्यावर असताना घरातून दरमहा रोख रक्कम निघत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

पैशांचे गणित असे मांडा. जाहीर झालेले सहा लाख हे जमा झालेले सहा लाख नव्हेत. प्रत्यक्ष जमा होईल तेवढ्यावरच योजना आखा. समजा पूर्ण रक्कम आली आणि बँकेच्या मुदत ठेवीवर साडेसहा टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ३९,००० रुपये हाती येतील. ते सगळे खर्च करू नका. ९,००० रुपये मुद्दलात टाका आणि ३०,००० वापरा. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर आजच्या ३०,००० रुपयांची किंमत दहा वर्षांनी साधारण १८,४०० रुपयांएवढी राहते, आणि मुद्दल वाढत गेले नाही तर निधी कागदावर जिवंत आणि व्यवहारात मेलेला, अशी अवस्था येते. ३०,००० रुपयांत हंगामापुरते मानधन आणि काही मुलींचे पास एवढेच बसेल. संगणक-स्कॅनरचा खर्च निधीतून न करता एखाद्या तुकडीने वस्तुरूपाने द्यावा. यापेक्षा मोठी स्वप्ने पहिल्या वर्षी पाहू नयेत.

रक्कम मुदत ठेवीत ठेवताना राष्ट्रीयीकृत बँक निवडा. सार्वजनिक न्यासाचा पैसा कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवावा लागतो, आणि गावातल्या पतसंस्थेचा टक्का-दीड टक्का अधिक व्याजाचा मोह पुढे महागात पडतो; पतसंस्थेचे अध्यक्ष आपल्याच संघाचे सभासद असले तर नाही म्हणणे जड जाते, म्हणून हा नियम ठरावातच लिहून ठेवा. प्रत्येक देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे सहीचे पत्र घ्या. ते नसेल तर ती सर्वसाधारण देणगी धरली जाते आणि मुद्दल राखून ठेवण्याला हिशेबात आधार राहत नाही. आयकरात ज्याला ‘८०-जी’ म्हणतात ती सवलत आपल्या संघाला मंजूर असेल तरच देणगीदाराला वजावट मिळते, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. त्यामुळे सभेत टोपली फिरवून मोठ्या रकमा गोळा करू नका. परदेशातील वर्गमित्रांबाबत एक फरक ध्यानात ठेवा. अमेरिकेत नोकरी करणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला मित्र आपल्या बँक खात्यातून देणगी देऊ शकतो. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी विदेशी अंशदान ठरते, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, आणि तशी नोंदणी नसताना ती स्वीकारणे बेकायदा आहे. दर्यापूरचा असो की दारव्ह्याचा, जवळचा मित्र असल्याने हा नियम बदलत नाही.

निधी संघाच्या नावे असावा की संस्थेच्या? संघाचे लेखापरीक्षण दरवर्षी वेळेवर होत असेल तर संघाच्या नावे, अन्यथा संस्थेच्या नावे, पण स्वतंत्र निर्धारित निधी म्हणून, असे माझे मत आहे. आपल्या भागातील अनेक संस्थांत दोन गट असतात आणि निवडणुकीगणिक कारभारी बदलतात. आज जो गट भाऊंच्या नावावर गहिवरतो आहे, तो उद्या नसेल. ठरावात पुढील अर्थाचे वाक्य असू द्या : या निधीचे मुद्दल कोणत्याही परिस्थितीत बांधकाम, समारंभ किंवा वेतन यांसाठी वापरता येणार नाही, व्याजाचा विनियोग प्राचार्य, संघाचा एक प्रतिनिधी आणि महाविद्यालय विकास समितीवरील माजी विद्यार्थी सदस्य यांच्या तिघांच्या सहीने होईल, आणि वार्षिक हिशेब सूचना फलकावर लावला जाईल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे विकास समितीवर किमान एक माजी विद्यार्थी असावाच लागतो, आणि तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. त्यांपैकी एका बैठकीत केंद्राच्या कामाचा अहवाल हा कायमचा विषय ठेवा. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा विचार होत आला आहे, त्यामुळे प्राचार्य जागा द्यायला कां-कूं करीत असतील तर हा मुद्दा त्यांच्या कानावर घालावा. नॅकसाठी काम करू नये, पण काम असेल तर ते नॅकला दाखवायला लाजू नये.

कार्यक्रमाच्या तारखेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण बरेचसे स्मृती समारंभ इथेच फसतात. पुण्यतिथीच धरून बसू नका. ती मे महिन्यात आली तर पारा पंचेचाळिसाच्या आसपास, महाविद्यालय रिकामे. जूनमध्ये आली तर सगळे पेरणीत. दसरा-दिवाळीला सोयाबीनची काढणी आणि पुढे कापसाची वेचणी. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, तूर घरात आलेली असते, बारावीची परीक्षा सुरू व्हायची असते, तेव्हा माणसे येतात. डॉ. पंजाबराव देशमुख यांची २७ डिसेंबरची जयंती अनेक महाविद्यालयांत साजरी होते. आपल्याकडेही होत असेल तर त्याच दिवशी जोडून घेणे खर्चाच्या दृष्टीने सोयीचे आहे, फक्त विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा लांबलेल्या नाहीत एवढे पाहा. कार्यक्रम सकाळी अकराला सुरू करून दीडला संपवा. दुपारी चारचा कार्यक्रम पाहुण्यांची गाडी उशिरा आल्याने सहाला सुरू होतो, आणि शेवटच्या बसने गावी जाणाऱ्या मुली मधूनच उठून जातात. ज्यांच्यासाठी भाऊ राबले, त्या मुलीच सभागृहात नसतात. प्रमुख पाहुणा म्हणून एखाद्या निवृत्त अभिलेखपालाला किंवा भाऊंच्या मदतीने शिकून आज त्याच तालुक्यात काम करणाऱ्या माणसाला बोलवा. आमदार आले तर आनंदाने बसवा, पण त्यांच्या वेळेवर कार्यक्रमाची वेळ ठरवू नका.

भाऊंच्या पुस्तकांचा आणि कागदांचा उल्लेख आपण केला आहे. ग्रंथालयाला सगळे उचलून देऊ नका. ग्रंथपालांनी घरी जाऊन निवड करावी, निवडलेली पुस्तके दाखलनोंद वहीत चढवावीत, त्यांवर देणगीचा शिक्का मारावा, आणि बाकीची कुटुंबाकडे परत राहू द्यावीत. न निवडलेल्या पुस्तकांची पोती ग्रंथालयाच्या जिन्याखाली पडून त्यांना उधई लागलेली घरच्यांच्या नजरेस पडणे फार वाईट. त्यांच्या हस्ताक्षरातील वह्या, तालुक्यातील शाळांच्या जुन्या दप्तरांविषयीच्या टिपा असल्यास, त्या मात्र स्कॅन करून मूळ प्रत घरी द्या आणि छापील प्रत केंद्रात ठेवा. भाऊंनी हयातीत ‘मी महाविद्यालयाला अमुक देईन’ असे तोंडी म्हटले होते, हे आपण लिहिले आहे. मृत्युपत्रात तसे नसेल तर वारसांवर त्याचे कसलेही बंधन नाही, आणि शोकाच्या काळात त्यांना त्याची आठवण करून देणे अशोभनीय ठरेल.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला सचिवपद देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पत्रावरून तो नागपूरला नोकरी करतो आणि या महाविद्यालयाचा विद्यार्थीही नाही; संघाच्या घटनेप्रमाणे तो सभासद होऊ शकतो काय, हेच आधी तपासावे लागेल. शिवाय सचिव हा गावात राहणारा, तहसील आणि महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी रोज पायाखालची वाट असलेला माणूस हवा. भाऊंच्या दुकानात बसून अर्ज भरायला शिकलेली दोन-तीन मुले-मुली आपल्या गावात आजही असतील. वयाने लहान असली तरी त्यांच्यापैकी एकीला किंवा एकाला सहसचिव करा आणि पहिले वर्ष एखाद्या ज्येष्ठाला सचिव ठेवा. कुटुंबाचा मान राखण्यासाठी वहिनींना केंद्राचे उद्घाटन करायला सांगावे आणि वार्षिक हिशेबाची एक प्रत दरवर्षी त्यांच्या घरी पोचवावी. मुलाला काही करायचेच असेल तर स्कॅनरचा खर्च त्याच्याकडून घ्या.